मंडळीची बाग : हिवाळ्यातील आखणी

पाऊस संपला. ओढ्याचे पाणी निवळले. सकाळी अंगावर घोंगडी घ्यावी अशी हवा सुटली. आता चार महिने भाजीपाल्याचे. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा यांना हीच हवा मानवते. ज्याच्या दारात थोडी जमीन आणि थोडे पाणी आहे, त्याने हे दिवस फुकट घालवू नयेत.

पण ज्याला जमीनच नाही, त्याने काय करावे?

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, आणि त्याला लागून असलेला बीड जिल्हा, हा कमी पावसाचा मुलूख आहे. तेथे पुष्कळ खेड्यांत ख्रिस्ती मंडळी आहे. गावात लहानसे देऊळ असते. देवळाभोवती थोडे मोकळे आवार असते. एखादी जुनी विहीर असते. आवारात पावसाळ्यात गवत वाढते आणि उन्हाळ्यात धूळ उडते. या आवारात सर्वांची मिळून बाग करता येते. ती कशी आखावी, ते या धड्यात पाहू.

आधी बैठक, मग कुदळ

असे एक गाव डोळ्यांपुढे आणा. ऑक्टोबर महिना आहे. रविवारची उपासना संपली आहे. मंडळी चिंचेखाली बसली आहे. पाळकसाहेबांनी बागेची गोष्ट काढली.

एक तरुण लगेच उठला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, उद्याच कुदळी घेऊन येतो आम्ही. दोन दिवसांत सगळं आवार उकरून टाकू."

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उकरशील रे बाबा. पण दिवाळी झाली की तू जाशील ऊसतोडीला. मग पाणी कोण घालील? मी का तुझा बा?"

सगळे हसले. पण आजींचे म्हणणे खरे होते. या भागातून पुष्कळ कुटुंबे हिवाळा लागला की साखर कारखान्यांकडे जातात. ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. गावात म्हातारी माणसे राहतात, शाळेत जाणारी मुले राहतात. भाजी पिकवायचे दिवस हेच, आणि धडधाकट हात गावाबाहेर जाण्याचे दिवसही हेच. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या ताटात भाकरी व चटणी असते, पालेभाजी नसते.

म्हणून बाग जितकी हवीशी वाटते तितकी मोठी करू नये. चार प्रश्न आधी विचारावेत. जागा कोणाची? पाणी किती? हात किती? आणि पीक कोणाचे? या चारांची उत्तरे मिळाली, की बाग कागदावर तयार झाली असे समजा.

जागा कोणाची?

देवळाचे आवार आपल्या नेहमीच्या वापरात असते. पण कागदोपत्री ते पुष्कळदा एखाद्या ट्रस्टच्या किंवा मिशनच्या नावावर असते. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, ते वाचून पाहावे. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याला विचारण्याची गरज नाही. ज्यांचे नाव असेल त्यांची परवानगी लेखी घ्यावी. पत्रात जागेचे माप लिहावे, आणि बाग किती वर्षे करणार तेही लिहावे. तोंडी होकार आज गोड वाटतो, पण पंच बदलले की तो कोणाला आठवत नाही.

जागा निवडताना सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि उतरत्या उन्हात एकदा आवारात उभे राहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे देवळाची सावली उत्तर बाजूला लांब पडते. भाजीला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. म्हणून देवळाच्या दक्षिणेची किंवा पूर्वेची जागा बरी. चिंचेखाली बाग करू नये. तेथे सावलीही फार, आणि झाडाच्या मुळ्या पाणी ओढून घेतात.

विहीर काय सांगते?

एक लांब दोरी घ्या. टोकाला दगड बांधा. हातभर अंतरावर गाठी मारा. दोरी विहिरीत तळापर्यंत सोडा आणि वर काढा. किती गाठी ओल्या झाल्या ते मोजा. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा.

मग एक दिवस नेहमीपेक्षा चोवीस बादल्या पाणी जास्त काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोरी सोडा. पाणी पहिल्या गाठीपर्यंत परत आले, तर विहीर बागेला पुरेल. आले नाही, तर बाग लहान करा. पिण्याचे पाणी आधी, जनावरांचे त्यानंतर, आणि बागेचे सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये.

चोवीस बादल्या का? हिशेब सोपा आहे. थंडीच्या दिवसांत १० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा एका वाफ्याला आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे. एका वेळेस १५ लिटरच्या ४ बादल्या लागतात. रोज ६ वाफे भिजवायचे, तर ६ गुणिले ४, म्हणजे २४ बादल्या. लिटरमध्ये ३६०.

हात किती?

१५ लिटरच्या बादलीचे ओझे १५ किलोच्या वर असते. ते ओझे म्हाताऱ्या माणसाने किंवा लहान मुलाने उचलू नये. मुलांनी अर्धी बादली न्यावी. विहिरीवर पंप असेल, तर नळी लावावी. मग मोठी माणसे निंदणी करतील, बी पेरतील, भाजी खुडतील.

गावात मागे राहणाऱ्या माणसांची नावे लिहा. "सगळे येतील" असे लिहू नका. सगळे येतील म्हटले की कोणीच येत नाही. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, ते नावानिशी लिहा. एका पाळीला निदान चार माणसे असावीत. एखादे आजारी पडले तरी काम अडत नाही.

वाफे पाडणे

बागेसाठी एक गुंठा जमीन घ्या. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो.

या एका गुंठ्यात १८ वाफे बसतात. एका ओळीत ३ वाफे, अशा ६ ओळी. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवा. वाफा ४ फुटांहून रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

वाफा थोडा खोलगट ठेवा आणि काठाला मातीचा वरंबा घाला. त्यामुळे घातलेले पाणी वाहून जात नाही. रोपे तयार करण्याचा वाफा मात्र वीतभर उंच करतात. त्याला गादीवाफा म्हणतात.

आता पाण्याच्या पाळ्या ठरवा.

सोमवार आणि गुरुवार : ओळ १ आणि २
मंगळवार आणि शुक्रवार : ओळ ३ आणि ४
बुधवार आणि शनिवार : ओळ ५ आणि ६
रविवार : सुट्टी

प्रत्येक वाफ्याला आठवड्यातून दोनदा पाणी मिळाले. रविवारही मोकळा राहिला. नवीन पेरलेल्या वाफ्याला मात्र बी उगवेपर्यंत रोज हलके पाणी शिंपडावे. फेब्रुवारीत ऊन वाढले की पाणी वाढवावे लागते. तेव्हा विहीर पुन्हा मोजा. पाणी कमी पडत असेल, तर दोन ओळी सोडून द्या. अठरा वाफे वाळण्यापेक्षा बारा वाफे हिरवे राहिलेले बरे.

आवाराला कुंपण हवे. बाभळीच्या फांद्या किंवा तुरीच्या तुऱ्हाट्या चालतील. एका शेळीला एक रात्र पुरते. सकाळी महिन्याची मेहनत तिच्या पोटात गेलेली असते.

खत

प्रत्येक वाफ्यात चांगल्या कुजलेल्या शेणखताची दोन घमेली मिसळा. ताजे शेण घालू नका. त्याने वाळवी येते, हुमणी येते.

कचऱ्याचेही खत होते. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या शेती संस्थेचे प्रमुख होते. आपल्याकडचे शेतकरी काय करतात, ते त्यांनी नीट पाहिले. त्यावरून त्यांनी कचऱ्याचे खत करण्याची एक पद्धत बसवली. तिला इंदूर पद्धत म्हणतात. पालापाचोळ्याचा एक थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर थोडी माती आणि राख. असे थरावर थर रचायचे. ढीग ओला ठेवायचा, पण चिखल करायचा नाही. अधूनमधून तो खालीवर करायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. नोव्हेंबरमध्ये ढीग रचला, तर उन्हाळ्याच्या पिकाला खत मिळते. चिंचेचा पाला, देवळापुढचा केर, बागेतले तण, सगळे त्या ढिगात जाऊ द्या. प्लास्टिक मात्र वेचून काढा.

काय पेरावे?

अठरा वाफे असे वाटून घ्या.

मेथी ३, कांदा ३, पालक २, गाजर २, टोमॅटो २, कोथिंबीर १, मुळा १, वाटाणा १, वांगी १, कोबी १, लसूण १.

बेरीज करून पाहा. अठरा झाले.

कधी पेरावे?

ऑक्टोबरच्या शेवटी : गादीवाफ्यावर टोमॅटो, वांगी, कोबी आणि कांदा यांचे बी टाका. वाफे खणून खत मिसळा.

नोव्हेंबरच्या आरंभी : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा आणि लसूण पेरा. मेथीचे तीन वाफे एकाच दिवशी पेरू नका. दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. नाहीतर सगळी मेथी एकदम येते. निम्मी खाऊन होते, निम्मी पिवळी पडते.

नोव्हेंबरच्या शेवटी : टोमॅटो, वांगी व कोबी यांची रोपे वाफ्यांत लावा. रोपे संध्याकाळी लावावीत.

डिसेंबरच्या शेवटी : कांद्याची रोपे लावा. तोपर्यंत कांद्याचे तीन वाफे रिकामे असतात. त्यांत नोव्हेंबरच्या आरंभी मेथी टाका. ती महिन्या-सव्वा महिन्यात निघते आणि वाफे वेळेवर मोकळे होतात.

नाताळात ताटात मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर असेल. गाजर, टोमॅटो आणि कोबी फेब्रुवारीत येतील. ऊसतोडीची माणसे घरी परततील तेव्हा कांदा काढणीला येईल.

बियांच्या काही खुणा लक्षात ठेवा. धणे पेरण्याआधी चपलेखाली किंवा पाट्याखाली हलके रगडून दोन फाकी करा. लसणाच्या पाकळ्या सुट्या करा आणि टोक वर ठेवून लावा. गाजराचे बी बारीक असते. ते कोरड्या मातीत मिसळून पेरा. गाजराचे रोप उपटून दुसरीकडे लावू नका, गाजर वाकडे होते. भेंडी आणि गवार थंडीत वाढत नाहीत. त्यांची घाई करू नका. जानेवारी संपताना वाफे मोकळे होतील आणि पाणी उरेल, तर त्या वेळी पेरा.

काठाने झेंडू लावा. टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी टोमॅटोपेक्षा झेंडूकडे जास्त ओढली जाते. देवळालाही फुले होतात.

ढगाळ हवा आली की कोबीवर मावा पडतो. पानाच्या मागची बाजू रोज पाहा. मावा दिसला तर अर्धा किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. त्यात थोडे साबणाचे पाणी घाला आणि संध्याकाळी फवारा. निंबोळ्या मात्र जूनच्या सुमारास वेचून, वाळवून ठेवाव्या लागतात. फार कडक थंडी पडणार असे दिसले, तर त्या संध्याकाळी वाफ्यांना हलके पाणी द्या.

पीक कोणाचे?

आता सर्वांत कठीण प्रश्न. चिंचेखालच्या बैठकीत भांडण झाले ते यावरच.

एक पंच म्हणाले, "जागा देवळाची. भाजी आठवड्याच्या बाजारात विकू. देवळाचं छप्पर गळतंय. त्याला पैसे होतील."

एक बाई म्हणाल्या, "दादा, पाणी आम्ही वाहायचं आणि आमच्या लेकरांनी कोरडी भाकर खायची का?"

पाळकसाहेब म्हणाले, "भाजी गरिबांना वाटून टाकू. पुण्य लागेल."

तेव्हा आजी उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, रागवू नका. मला दान नको. दान घेतलं की मान खाली घालावी लागती. मी बसून निंदीन, रोपं लावीन. माझा वाटा मला द्या."

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पंच म्हणाले, "आजी बरोबर बोलतात. जो राबेल त्याचा वाटा आधी."

मग बैठकीत तीन नियम ठरले.

पहिला नियम : जो पाळी करील, त्याला पाळीप्रमाणे वाटा. निंदणीची पाळी आणि पाणी वाहण्याची पाळी, दोन्ही सारख्या.

दुसरा नियम : पाचवा हिस्सा सरव्याचा. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे गरीब माणूस वेचतो, त्याला आपण सरवा म्हणतो. शेताच्या कडा कापू नयेत, सरवा गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा, असा नियम पवित्र शास्त्रात लेवीय या पुस्तकात आहे. रूथ ही परक्या देशातली विधवा. तिने सरवा वेचून स्वतःचे आणि सासूचे पोट भरले. म्हणून हा हिस्सा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा, बाळंतिणीचा आणि अडलेल्या शेजाऱ्याचा. तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो.

तिसरा नियम : वाटे होऊन भाजी उरली तरच विकायची. त्या पैशातून आधी पुढच्या वर्षीचे बी घ्यायचे. मग छपराला द्यायचे.

छपराला पहिल्या वर्षी फार पैसे मिळणार नाहीत. हे पंचांनाही कळत होते. पण त्यांनी नियमांखाली सही केली.

वही

नियम तोंडी राहिले की मनात वेगवेगळे होतात. म्हणून एक वही ठेवा. तिच्यात पाच गोष्टी लिहा : तारीख, पाळी कोणी केली, विहिरीच्या किती गाठी ओल्या, कोणती भाजी निघाली, ती कोणाला गेली. वही देवळात सर्वांना दिसेल अशी ठेवा. महिन्यातून एकदा ती मोठ्याने वाचा. वाचण्याचे काम दरवेळी निराळ्या माणसाने करावे. जो नुकताच वाचायला शिकला, त्याने आधी वाचावे.

एक उदाहरण पाहा. मेथीच्या एका वाफ्यातून ३० जुड्या निघाल्या असे समजा. पाचवा हिस्सा सरव्याचा, म्हणजे ६ जुड्या. राहिल्या २४. त्या आठवड्यात सर्वांच्या मिळून १२ पाळ्या झाल्या. २४ भागिले १२, म्हणजे एका पाळीला २ जुड्या. आजींनी ३ पाळ्या केल्या. त्यांना ६ जुड्या मिळाल्या. हा हिशेब कोणालाही तपासता येतो. म्हणून त्यावरून भांडण होत नाही.

पालेभाजीत लोह असते. त्याने रक्त वाढण्यास मदत होते. तिच्याबरोबर लिंबू किंवा टोमॅटो खाल्ला, तर ते लोह अंगी अधिक लागते. गाजराने आणि पालेभाजीने डोळ्यांचे आरोग्य राहते. वाढत्या मुलांना आणि गरोदर बायांना याची फार गरज असते.

शेवटची गोष्ट

मार्चमध्ये पाणी उतरते. तेव्हा बाग लहान होते. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवसांत वही उघडा. कोणती भाजी चांगली आली? कोणती कोणी खाल्लीच नाही? विहीर कोणत्या तारखेला आटू लागली? हे पाहून पुढच्या ऑक्टोबरची आखणी करा. तेव्हा ऊसतोडीहून आलेली माणसेही बैठकीला असतील. विहिरीतला गाळ काढणे आणि कुंपण घट्ट करणे ही जड कामे त्यांच्याकडे द्या. त्या पाळ्याही वहीत लिहा. ती माणसे हिवाळ्यात परत जातील, तेव्हा त्यांच्या पाळ्यांचा वाटा घरी राहिलेल्या आईबापांना आणि मुलांना मिळेल.

वाचा आणि सांगा

१. बाग करण्याआधी कोणते चार प्रश्न विचारावेत?
२. विहिरीचे पाणी दोरीने कसे मोजावे?
३. मेथीचे सगळे वाफे एकाच दिवशी का पेरू नयेत?
४. आजींनी दान का नाकारले? तुम्ही त्या जागी असता तर काय म्हणाला असता?
५. सरवा म्हणजे काय?

हिशेब करा

१. बारा वाफे ठेवले आणि रोज ४ वाफे भिजवले, तर रोज किती बादल्या पाणी लागेल? ते किती लिटर होईल?
२. पालकाच्या ४० जुड्या निघाल्या. सरव्याचा पाचवा हिस्सा किती? उरलेल्या जुड्या १६ पाळ्यांत वाटल्या, तर एका पाळीला किती?

करून पाहा

आपल्या देवळाचे, शाळेचे किंवा चावडीचे आवार पावलांनी मोजा. त्याचा नकाशा कागदावर काढा. ऊन कोठे येते, विहीर कोठे आहे, ते दाखवा. हिवाळ्यात गावात राहणाऱ्या दहा माणसांची नावे त्याखाली स्वतःच्या हाताने लिहा.